बिर्लिंगच्या घराबाहेर कोण उभं आहे? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेले होते की इंग्रज नाटककार जे. बी. प्रीस्टलींचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ कोकणातल्या एखाद्या हौशी मंडळाने करायला घ्यावं, आणि तेव्हापासून फोन थांबलेला नाही. देवगडपासून श्रीवर्धनपर्यंतचे प्रश्न आलेत, काही पत्राने, बरेचसे व्हॉट्सॲपवर, एकदोन तर चक्क बाजारात गाठून विचारलेले. म्हणून या वेळचं सगळं सदर याच एका नाटकाला देतेय.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. साल 1912, इंग्लंडमधलं ब्रमली नावाचं काल्पनिक कारखान्याचं गाव. कारखानदार आर्थर बिर्लिंग, त्याची बायको सिबिल, मुलगी शीला, मुलगा एरिक आणि शीलाचा होणारा नवरा जेरल्ड, सगळे लग्न ठरल्याच्या आनंदात जेवून उठलेत. दाराची बेल वाजते आणि इन्स्पेक्टर गूल आत येतो. ईवा स्मिथ नावाची मुलगी जंतुनाशक पिऊन मेलीय असं तो सांगतो, आणि मग एकेकाचं निघत जातं. बापाने तिला पगारवाढ मागितली म्हणून कामावरून काढलं, लेकीने एका दुकानातली तिची दुसरी नोकरी घालवली, जेरल्डने तिला ठेवलं आणि मग सोडलं, एरिकपासून तिला दिवस गेले, आणि शेवटी ती ज्या महिला संस्थेच्या दारात मदत मागायला गेली तिथे सिबिलबाईंनीच तिला परत पाठवलं. ईवा स्वतः नाटकात एकदाही दिसत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे सगळं तिथेच येणार आहे.

प्रश्न : ताई, आम्ही यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी हे नाटक करायचं म्हणतोय. पण मंडळात सगळ्यांचं म्हणणं पडलं की 1912 चं इंग्रजांचं घर कोण बघणार, कोकणातच आणू या. बिर्लिंगला आंबा कॅनिंगवाला करायचा आणि टायटॅनिकच्या जागी रामदास बोट. कसं वाटतं? (देवगड)

उत्तर : पहिल्यांदा हाच विचार डोक्यात येतो आणि त्यात चूक काही नाही. बंगालीत हे नाटक असं आपलंसं करून झालंय, त्यावरून 1965 साली उत्तम कुमारांचा ‘थाना थेके आस्ची’ हा सिनेमाही आला. तर हलवता येतं. पण मला विचाराल तर हलवू नका, आणि का नको ते जरा सविस्तर सांगते कारण माझा जीव यात आहे.

प्रीस्टलींनी नाटक लिहिलं तेव्हा दुसरं महायुद्ध संपत आलं होतं आणि गोष्ट मात्र त्यांनी 1912 ची घेतली. पहिला प्रयोग 1945 मध्ये सोव्हिएत रशियात झाला, लंडनमध्ये आलं ते 1 ऑक्टोबर 1946 ला, न्यू थिएटरमध्ये, राल्फ रिचर्डसन इन्स्पेक्टर आणि तरुण ॲलेक गिनेस एरिकच्या भूमिकेत. आता त्या रात्री खुर्चीत बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याने दोन महायुद्धं पाहिलीत, घरातलं कोणी ना कोणी गेलंय, रेशनच्या रांगेतून तो थिएटरात आलाय, आणि समोर पोटभर जेवलेला बिर्लिंग हातात ग्लास घेऊन सांगतोय की युद्धबिद्ध काही होणार नाही, टायटॅनिक पुढच्या आठवड्यात निघतेय आणि ती बुडणं शक्यच नाही. बिर्लिंगला काहीच माहीत नाही, बघणाऱ्याला सगळं माहीत आहे, आणि या दोघांच्या मधल्या तीसपस्तीस वर्षांवर अख्खं नाटक उभं आहे. साल काढलंत तर ती जागाच बुजते, मग उरते ती फक्त पोलीस चौकशी.

रामदासचं म्हणाल तर माझी हात जोडून विनंती आहे, ते करू नका. 17 जुलै 1947, गटारी अमावास्येचा दिवस, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. अलिबाग, रेवस, उरण भागात ज्यांच्या घरातलं माणूस त्या बोटीत होतं अशी घरं अजून आहेत आणि ती माणसं तुमचा प्रयोग बघायला येऊन बसतील. टायटॅनिकचं वाक्य हे श्रीमंताने स्वतःच्या यंत्राबद्दल मारलेल्या फुशारकीचं वाक्य आहे. रामदास ही सणाला घरी निघालेल्या लोकांची नेहमीची बोट होती, तिच्याबद्दल फुशारकी कोणी मारली नव्हती. तिथे हशा येणार नाही, आणि आला तर तो आपल्याला ऐकवणार नाही.

आणि आंबा कॅनिंगवाला बिर्लिंग केलात की दुसऱ्या दिवशी गावात सुरू होणार, हा अमक्यावर लिहिलाय. एकदा अमका सापडला की बाकीचे सगळे सुटले. नाटक नेमकं उलट सांगतं, की एकट्या कोणी तिला मारलेलं नाही, पाच जणांनी थोडंथोडं मारलंय आणि प्रत्येकाला आपला वाटा किरकोळ वाटतो. घर परक्या देशातलं, परक्या काळातलं राहिलं तर गावातल्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही, मग बघणारा आपसूक स्वतःकडे बघायला लागतो.

तुम्ही म्हणाल मग प्रेक्षकाला ते लांबचं वाटेल. नाही वाटणार. पगाराचा आकडा ऐका. ईवाला आणि तिच्या सोबतच्या मुलींना आठवड्याला साधारण 22 शिलिंग 6 पेन्स मिळायचे, त्यांनी 25 मागितले. अडीच शिलिंगांचा प्रश्न होता. बिर्लिंगने नाही म्हटलं, संप झाला, हातातले पैसे संपले आणि संप मोडला, मग सगळ्यांना जुन्या पगारावर परत घेतलं, फक्त पुढे होऊन बोलणाऱ्या चारपाच जणी सोडून. ईवा त्यातली एक. हे वाक्य रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत उच्चारा, 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप ज्यांच्या घरावरून गेलाय ते मान वर करून बघतीलच. गिरणगावातून ट्रंक घेऊन कायमचे गावी आलेले बाबा, काका, मामा कोणाच्या घरात नाहीत? त्यांना ब्रमली कुठे आहे हे समजावून द्यायची गरज नाही. पुढे एरिक बापाच्याच ऑफिसातून जवळपास 50 पौंड उचलतो, तो आकडा आला की तालमीत सगळ्यांना गणित करायला लावा : 1 पौंडाचे 20 शिलिंग, म्हणजे 50 पौंड हा ईवाने मागितलेल्या पगाराचा 40 आठवड्यांचा हिशेब. मुलगा हे पैसे गुपचूप काढू शकतो आणि बापाला बराच काळ पत्ता लागत नाही.

तर घर 1912 चंच राहू दे. आपली माणसं त्या घराच्या बाहेर उभी करा. कशी, ते पुढच्या प्रश्नात येतंय.

प्रश्न : यूट्यूबवर लंडनच्या प्रयोगाचे तुकडे बघितले, त्यात अख्खं घर कोसळतं, पाऊस पडतो. आमच्याकडे शाळेचं पटांगण, मंडपवाल्याच्या चार लेव्हल, म्हणजे उंच चौथरे, आणि सहा हॅलोजन दिवे. सोडून द्यावं का? (दापोली)

उत्तर : अजिबात सोडू नका! तुम्ही बघितलं ते स्टीफन डाल्ड्रींचं, 1992 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलेलं. त्याआधी हे नाटक म्हणजे शाळेत वाचायचं, एकच दिवाणखाना, सोफा, टेबल, तीन अंक, नाट्यमंडळांना स्वस्तात पडणारं असं झालं होतं. डाल्ड्री आणि नेपथ्यकार इयन मॅकनील यांनी दिवाणखाना उचलून एवढंसं घर खांबांवर उभं केलं आणि बाकीचं स्टेज म्हणजे ओली, धुक्याची, बॉम्बने उद्ध्वस्त झालेली गल्ली. घर 1912 चं आणि गल्ली 1945 ची. नंतर ते न्यूयॉर्कला गेलं, दोन्हीकडे मोठी बक्षिसं मिळाली आणि पुढे वर्षानुवर्षं चालत राहिलं.

मी ते 2016 च्या डिसेंबरात लंडनच्या प्लेहाऊस थिएटरमध्ये बघितलं, भाचीकडे गेले होते तेव्हा. सुरुवातीला घरातले लोक नीट दिसतच नाहीत, नुसत्या उजेडाच्या खिडक्या, आतून हसण्याचे आणि ग्लासांचे आवाज, आणि आपण बाहेर पावसात उभे असल्यासारखे ते ऐकत बसतो. मला एकदम लहानपण आठवलं, मोठ्या घरातलं लग्न आणि खळ्याच्या गडग्याबाहेर उभी राहून बघणारी आम्ही पोरं. पाचच मिनिटांत दिग्दर्शकाने मला सांगून टाकलं होतं की तू कुठल्या बाजूला आहेस. मग इन्स्पेक्टर येतो, तो घरात शिरतच नाही, खाली गल्लीतच उभा राहतो, आणि एकेकाला कबुली द्यायला घर सोडून खाली चिखलात उतरावं लागतं. घर कोसळतं ते नंतर, आणि खरं सांगू का, ताटल्या फुटल्याचा आवाज मोठा असतो पण अंगावर काटा आला तो त्या एकेका पायरी उतरण्याने.

म्हणून चार लेव्हल भरपूर झाल्या. चारही एकत्र जोडा, दीडदोन फूट उंची, वर एक टेबल, पाच खुर्च्या, बस. पाच जण आणि वाढायला असलेली एडना वर. इन्स्पेक्टर जमिनीवर. नियम एकच ठेवा, जोवर माणूस खोटं बोलतोय तोवर तो वर, खरं बोलायला लागला की खाली. सिबिल सगळ्यात शेवटपर्यंत वर राहते आणि एरिकचं कळतं तेव्हा ती उतरत नाही, तिचा तोल जातो. बघा करून. आणि शेवटी आपला इन्स्पेक्टर बनावट होता असं त्यांना वाटतं तेव्हा बिर्लिंग, सिबिल, जेरल्ड घाईघाईने परत वर चढतात, शीला आणि एरिक खालीच. नाटकाचा अर्थ पाच वर्षांच्या पोरालाही दिसेल. आपल्याकडे दशावतारात एका बाकड्यावर राजा बसला की तो दरबार होतो, कोणी विचारत नाही भिंत कुठे आहे, त्या प्रेक्षकाला लेव्हल म्हणजे घर हे सांगावं लागत नाही.

आता बाहेरची माणसं. डाल्ड्रींच्या प्रयोगात मागे धुक्यात 1940 च्या कपड्यांतली माणसं येऊन उभी राहतात, एक शब्द बोलत नाहीत, नुसती बघतात. हा प्रयोग इंग्लंडात गावोगाव फिरला तेव्हा ही मुकी माणसं त्या त्या गावातूनच घेत असत. हे तर आपल्याला किती सोपं आहे! तुमच्या वाडीतली दहाबारा माणसं घ्या, काजू फॅक्टरीत सोलायला जाणाऱ्या बायका, मासळीच्या कंपनीत जाणाऱ्या मुली, संपातून परत आलेला एखादा गिरणी कामगार, रोजच्या कपड्यांत. लेव्हलच्या दोन्ही बाजूंना अंधारात पहिल्यापासून बसवून ठेवा. ईवाची गोष्ट पुढे सरकेल तसा त्यांच्यावरचा उजेड थोडाथोडा वाढवा, कोणाच्या लक्षात येणार नाही इतका सावकाश. इन्स्पेक्टर शेवटचं बोलतो, की ईवा स्मिथ गेली पण अशा लाखो ईवा आणि जॉन अजून जिवंत आहेत, तेव्हा तो उजेड पूर्ण आलेला असेल आणि प्रेक्षकांना दिसेल की हे तर आपल्याच शेजारचे. घर तेव्हाचं आणि बाहेरची माणसं आजची, 1992 ला लंडनमध्ये त्यांनी जे केलं ते आपण आपल्या परीने करायचं.

हॅलोजनचं एक, संहितेत प्रीस्टलींनी स्वतः लिहून ठेवलंय की इन्स्पेक्टर येईपर्यंत उजेड गुलाबी आणि आपलेपणाचा हवा आणि तो आल्यावर लख्ख, कडक. तेव्हा आधी दिव्यांना गुलाबी जिलेटिनचा कागद लावा आणि बेल वाजली की ते दिवे काढून उघडे लावा. उजेड कमीजास्त करायचा डिमर नसला तरी चालतं.

प्रश्न : इन्स्पेक्टर गूल नक्की कोण? मी आजीला गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, तो राखणदारच! मी कॉलेजच्या ग्रुपमध्ये गूल करतोय म्हणून विचारतो. (वेंगुर्ला)

उत्तर : तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग, तिने फार नेमकं पकडलंय. शेवटी पोलीस स्टेशनला फोन करून खात्री करतात तर असा कोणी इन्स्पेक्टरच नाही, दवाखान्यात कोणी मेलेलीही नाही, आणि सगळे सुटल्यासारखे हसत असताना फोन येतो की एक मुलगी आत्ताच मेलीय, चौकशीला इन्स्पेक्टर निघालाय. मग पहिला कोण होता? कोणी म्हणतं भूत, त्याच्या नावाचा उच्चारच इंग्रजीत पिशाच्चासारखा आहे, कोणी म्हणतं उद्याच्या दिवसातून आलेला माणूस. प्रीस्टलींना काळ या गोष्टीचं वेड होतंच, 1937 मधलं त्यांचं ‘टाइम अँड द कॉनवेज’ नाटकच भविष्यात जाऊन परत मागे येतं.

राखणदार मला जास्त आवडतो कारण आपला राखणदार रात्री हद्दीवरून फिरतो, कोणी चुकला तर वाट दाखवतो आणि कोणी हद्द मोडली तर त्याला अडवतोही. गूल तेच करतोय. पण हे तू मनात ठेव, अंगात आणू नको. डोळे मोठे करून, घोगरा आवाज काढून, हिरवा स्पॉट घेऊन केलंस की नाटक गेलं. प्रीस्टलींनी त्याचं वर्णन काय केलंय तर पन्नाशीतला माणूस, अंगाने धिप्पाड असेलच असं नाही पण तो आला की खोलीत वजन येतं, सावकाश तोलून बोलतो आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे बोलायच्या आधी टक लावून बघतो. तुझ्या हातात तेवढं बघणं आहे. प्रत्येक प्रश्नाआधी एक श्वास थांब. तू वीसबावीसचा असशील, केस पांढरे करण्यापेक्षा ते थांबणं जमव, वय आपोआप येतं.

आणि फोटो, तो एका वेळी एकालाच दाखवायचा, बाकीच्यांना दिसू द्यायचा नाही. पुढे जेरल्डचा सगळा बचाव यावरच आहे, की सगळ्यांना एकच फोटो दाखवला कशावरून? तू चुकून एकदा जरी तो दोघांसमोर धरलास तर तिसरा अंक लंगडा होतो.

प्रश्न : मालवणीत केलं तर? आणि शेवटचं भाषण गाऱ्हाण्यासारखं घेतलं तर लोक उभे राहून टाळ्या देतील असं वाटतं. (कुडाळ)

उत्तर : मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर मान मिळवून दिला ते आपल्या सगळ्यांचं देणं आहे, पण त्याचबरोबर असंही झालं की मालवणी म्हटलं की लोक हसायच्या तयारीने येऊन बसतात. सगळं नाटक मालवणीत केलंत तर पहिला अर्धा तास त्या हशाशी झगडण्यात जाईल. आणि एकट्या एडनालाच मालवणी देऊ नका, मोलकरीण बोलीत बोलली की हशा ही वाईट सवय आपल्या रंगभूमीला आहेच, इथे तर ती पोर ईवाच्या जातकुळीतली आहे.

त्यापेक्षा बोली बिर्लिंगला द्या. संहितेतच आहे की तो पैशाने वर आलाय पण बोलणं अजून गावाकडचं, आणि बायको त्याच्यापेक्षा वरच्या घरातली. तो जेवणावर स्वयंपाकिणीचं कौतुक करतो तर ती त्याला टोकते. म्हणजे सिबिल शुद्ध पुस्तकी मराठी बोलेल, बिर्लिंग तिच्यासारखं बोलायचा प्रयत्न करेल आणि संतापला की मालवणी बाहेर पडेल. ईवाला कामावरून काढल्याचं तो सांगतो तिथे भाषा घसरली पाहिजे. मग प्रेक्षकाला कळतं की हा माणूस तिच्याच बाजूने चालत वर आलाय आणि वर आल्यावर त्याने शिडी ओढून घेतलीय.

गाऱ्हाण्याचं मात्र माझं स्पष्ट नाही. गाऱ्हाणं आपण देवापुढे घालतो, मागतो, की बाबा सांभाळून घे, आणि सगळे व्हय महाराजा म्हणतात. इन्स्पेक्टर काही मागत नाही, कोणी त्याला होकार द्यावा अशी त्याची अपेक्षाही नाही. तो सांगतो की आपण सगळे एकाच देहाचे अवयव आहोत, आणि हे जर माणसं शिकली नाहीत तर आग, रक्त आणि यातना यांतून शिकावं लागेल. 1946 च्या प्रेक्षकाच्या मागे ती आग नुकतीच विझली होती. गाऱ्हाण्याचा ठेका लावलात की लोक ओळखीने सुखावतील, टाळ्या नक्की येतील, आणि बोललेलं कानाबाहेर जाईल. साधं बोलू दे त्याला, खालच्या पट्टीत.

प्रश्न : मी शीला करतेय. पहिल्या अंकात ती इतकी लाडावलेली आणि शेवटी एवढी समजूतदार, हे एका रात्रीत कसं होतं? आणि ताई, रात्री दहाच्या तालमीला घरून सोडत नाहीत, मंडळातले म्हणतात मग दुसरी बघू. (गुहागर)

उत्तर : दुसरा भाग आधी. तुमच्या मंडळातल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. तालीम रात्री दहाला हे काही आकाशातून पडलेलं नाही, दुकानं बंद झाल्यावर पुरुषांना सोयीचं म्हणून ते ठरलंय. संध्याकाळी साडेपाच ते आठ घ्या, ज्यांची दुकानं आहेत त्यांचे प्रवेश रविवारी. या नाटकात तीन बायका आहेत आणि विषयच मुळात एका मुलीला सगळ्यांनी आपापल्या सोयीने कसं बाहेर काढलं हा आहे, तिथे शीला करणाऱ्या मुलीलाच वेळेच्या सोयीसाठी बदलणार असाल तर नाटक करू नका. मला हे फार लागलं म्हणून कडक लिहिलंय.

आता शीला. ती एका रात्रीत बदलत नाही गं, तिला एका रात्रीत आठवतं. दुकानात तिने एक ड्रेस घालून बघितला, तिला तो शोभला नाही, ईवाने नुसता अंगाशी धरला तर तिला शोभला, आणि आरशात ईवा दुसऱ्या मुलीकडे बघून हसतेय असं शीलाला दिसलं. तेवढ्यावर तक्रार, आणि 1911 च्या जानेवारीअखेर ईवाची नोकरी गेली. शीलाला तेव्हाच आतून माहीत होतं की आपलं चुकलं. बापाला, आईला ते माहीतच नाही, म्हणून ते शेवटपर्यंत तसेच राहतात. तेव्हा पहिल्या अंकात नुसती लाडावलेली करू नको, कुठेतरी एक क्षण, एडना ग्लास उचलायला येते तेव्हा वगैरे, तुझी नजर तिच्यावर जाऊन परत येऊ दे. शेवटी जेरल्ड अंगठी परत पुढे करतो तेव्हा ती नाही म्हणत नाही, इतक्यात नको म्हणते. तिथे रडू नको. थकलेली दिसली पाहिजेस.

प्रश्न : परवानगी लागते का? आमच्या देवळाच्या उत्सवात करायचं आहे, तिकीट नाही. (चिपळूण)

उत्तर : प्रीस्टली 1984 ला गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2044 संपेपर्यंत. हौशी मंडळाने विनातिकीट किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे, पण ती सूट प्रयोगाची, भाषांतराची नाही. मराठीत आणायचं तर हक्कदारांकडून भाषांतराची परवानगी हवी, आणि दुसऱ्या कोणी केलेलं मराठी भाषांतर घेत असाल तर त्या भाषांतरकाराचीही. वर आपल्याकडे संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र असतंच. तारीख ठरवायच्या आधी हक्कदारांना मेल करा, उत्तर यायला वेळ लागतो.

प्रश्न : आमचं पटांगण समुद्राला लागून आहे, गाज सतत ऐकू येते. साउंड वाढवून ती झाकावी का? आणि बेल रेकॉर्डेड घ्यावी का? (श्रीवर्धन)

उत्तर : गाज झाकू नका. नाटकात एक लहानशी जागा आहे, वाचताना पटकन सुटून जाते. जेरल्डने सोडल्यावर ईवा दोनेक महिने समुद्रकाठच्या कुठल्याशा गावी एकटीच जाऊन राहिली, नुसती आठवत बसायला, कारण यापेक्षा चांगलं आपल्या वाट्याला परत येणार नाही असं तिला वाटलं होतं. तिच्या डायरीतलं हे इन्स्पेक्टर जेरल्डला सांगतो. तुमच्या पटांगणात त्या वाक्यानंतर सगळ्यांनी चारपाच सेकंद गप्प बसावं, हललंही नाही पाहिजे कोणी. पार्श्वसंगीत तिथे अजिबात नको.

बेल रेकॉर्डेड घेऊ नका. महत्त्वाच्या बेल दोन आहेत, पहिली दाराची, बिर्लिंग पोरांना सांगत असतो की माणसाने आपलं आणि आपल्या घरच्यांचं बघावं तेव्हा त्याचं वाक्य तोडणारी, आणि दुसरी शेवटी फोनची. स्पीकरमधून आली की ती चारी बाजूंनी येते, घरातून आल्यासारखी वाटत नाही, आणि ऐन वेळी लाईट गेली तर नाटकाला शेवटच नाही. जुन्या बाजारात हाताने वाजवायची बेल मिळते, ती लेव्हलच्या मागे घेऊन एक माणूस बसवा आणि त्याला त्या रात्री दुसरं कुठलंही काम सांगू नका, चहाचंसुद्धा नाही.